आपा, गोळी घेतली?

आपा गेल्याचं मला मेसमधल्या भोकर गावच्या एका मुलीनं फोनवर सांगितलं. "मॅडम, आपा उठल्याच न्हाईत…" पुढं नुसतं रडणं ऐकू येत राहिलं.

शकीलाआपा लातूरला आमच्या शेजारी मेस चालवायच्या. मी जिथं केमिस्ट्री शिकवते त्या क्लासच्या, डॉक्टर व्हायला निघालेल्या बाहेरगावच्या मुली त्यांच्याकडे जेवायच्या. भूकंपात आपांचं गावाकडचं घर पडलं. नवरा गेला, लहानगी लेक नूरी गेली, ढिगाऱ्यातून आपा तेवढ्या जिवंत निघाल्या. पुढं कित्येक वर्षांनी ब्लडप्रेशरनं किडन्या गेल्या, डायलिसिस सुरू झालं आणि अंगाला खाज सुटली. डावा दंड तर त्या रक्त येईस्तोवर खाजवायच्या. डॉक्टर म्हणाले, रक्तात फॉस्फरस साठलाय, मशीनला तो पुरता काढता येत नाही. दूध, शेंगदाणे कमी करा आणि ही गोळी जेवतानाच घ्या. अन्नातला फॉस्फरस ती पोटातच धरून ठेवते, रक्तात उतरू देत नाही.

हळूहळू खाज उतरली. मला हायसं वाटलं, पण आपा मात्र गप्प गप्प झाल्या. पुढच्या तपासणीत फॉस्फरस पुन्हा चढलेला, आणि गोळ्या डब्यात तशाच! मी चिडले. हाडं ठिसूळ होतील, रक्तवाहिन्या कडक होतील, हृदयावर येईल, सगळं सुनावलं. आपांनी ऐकून घेतलं. मग दंडावर हात ठेवून म्हणाल्या, "बाई, मातीखाली नूरीचा हात हितं फिरून राहिला होता. मला हलता येईना. मग थांबला… खाज सुटली की वाटतं, हाय अजून. गोळी घेतली की पोरगी जाती."

 मुलींना मी एवढंच सांगितलं, की आपा गोळी विसरतात. तेव्हापासून ताटं वाढली की मुली विचारायच्या, "आपा, गोळी घेतली?" आणि आपांनी पहिल्या घासासोबत ती घेतल्याशिवाय कुणी जेवायला सुरुवात करायची नाही. "लई छळता गं," म्हणत आपा गोळी घ्यायच्या. पोरी उपाशी बसलेल्या त्यांना बघवायच्या नाहीत. त्यानंतर खाज पुन्हा आली नाही. नूरीचं नावही आपांनी माझ्यापाशी पुन्हा काढलं नाही. एका दुपारी जरा पडल्या, त्या झोपेतच हृदय थांबलं.

मेस आता त्यांची भावजय बघते. परवा मी मुलींच्या पंगतीत बसले होते. वरण-भात वाढून झाला आणि सवयीनं कुणीतरी विचारलं, "आपा, गोळी घेतली?"

ताटात हात ठेवून आम्ही सगळ्या थांबलो… कुणालाच घास उचलवेना.