शांघायला आपलं कोणी नाही

आमच्या सानगडीत कुणी प्रवासाला निघाला की तिथे काय पाहणार, हे लोक विचारत नाहीत. कोणाकडे उतरणार, हे विचारतात. ज्या गावात सोयरा नाही ते गाव आमच्या लेखी नकाशावर नसतंच. ताजमहाल आमच्याकडच्या फार थोड्या लोकांनी पाहिला आहे, कारण आग्र्याला आमच्या कुणाची मुलगी दिलेली नाही. भिलाईला मात्र अख्खा तालुका जाऊन आला. लोक तिथल्या कारखान्याचं धुराडं पाहून येतात आणि वर्षभर त्याचं वर्णन करतात.

या पद्धतीने माझ्या बायकोने अर्धा हिंदुस्थान पाहिला, आणि तो सगळा स्वयंपाकघराच्या खिडकीतून. जबलपूरला माझ्या मावसभावाकडे उतरलो. मी धबधबा पाहून आलो तेव्हा ती तांदळाच्या पिठाचे आयते घालत होती. आयते ती इतके पातळ घालते की तव्यावरचा आयता समोर धरून आमच्या भाच्याने पेपर वाचला आहे, छोट्या जाहिरातींसकट. त्यामुळे "वहिनी, तुमच्या हातचे आयते खाऊन किती दिवस झाले" हे वाक्य तिने सहा राज्यांत ऐकलं. पुरीला समुद्र तिने नुसता ऐकला, कारण माझ्या साडभावाच्या ओट्याचं तोंड दुसरीकडे होतं.

आमचा भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा तिला जरा आशा वाटली होती. अर्धे सोयरे परजिल्ह्यात गेले, आता येणंजाणं कमी होईल. झालं उलटंच. पूर्वी सकाळी येऊन संध्याकाळी परतणारे लोक आता "दुसऱ्या जिल्ह्यातून आलोत बाप्पा, मुक्काम तं करावाच लागन" म्हणून चादर मागू लागले.

अशात एका वर्षी खताच्या दुकानाने कॅलेंडर दिलं. वर युरियाची जाहिरात, खाली रात्रीच्या दिव्यांनी झगमगणारं नदीकाठचं शहर. वर्ष संपलं, तिने कॅलेंडर काढलं नाही. एका सकाळी चहा गाळता गाळता तिने विचारलं, "हे कोणतं गाव होय?"

"शांघाय. चीनमधलं."

"तिथं आपलं कोणी हाये काय?"

माझे सोयरे मनातल्या मनात तपासायला चहा संपून दुसरा घ्यावा लागला. "कोणीच नाई."

"तुमच्या मोठ्या मायकडून?"

"नाई."

"माह्या माहेरचं? पवनीचं?"

"पवनीचा मानूस नागपूरच्या पुढं गेला तं मले सांगितल्याबिगर रायते काय?"

"मंग तिथंच जाऊ. चार दिवस," ती म्हणाली. "मले कोणी वहिनी म्हणणार नाई, मावशी म्हणणार नाई. हाटेलात राहीन. कोणीतरी चहा आणून देईन, मी बसून पेईन."

लग्नानंतर तिने माझ्याकडे मागितलेली ही दुसरी गोष्ट. पहिली कुकर होता. नाही म्हणायची सोय नव्हती. तिची अट एकच होती, "कोणाले सांगू नोका."

साकोलीच्या एजंटला सांगावंच लागलं. त्याने तोवर लोकांना चारधाम आणि बोधगयेच्या पुढे पाठवलं नव्हतं, पण भीती त्याला कशाचीच नव्हती. पहिल्या दिवशी नदीकाठ, दुसऱ्या दिवशी बुद्धाचं मंदिर आणि जुनी बाग, तिसऱ्या दिवशी उंच मनोरा, असा बेत त्याने मांडला. मनोऱ्याची लिफ्ट म्हणे अशी पळते, की माणूस वर पोचतो आणि पोट मागाहून येतं. बायकोने मनोरा खोडायला लावला.

"तिसऱ्या दिवशी काय करणार मग, ताई?"

"नुसतं बसणार."

एजंटने तिथे 'विश्रांती' लिहिलं. तिने ते बदलून 'नुसतं बसणे' करून घेतलं. धान घरी आलं की निघायचं ठरलं.

मधे दिवाळी होती, आणि दिवाळीनंतर आमच्या मुलखात मंडई. प्रत्येक गावाच्या मंडईचा दिवस वेगळा. त्या दिवशी सोयऱ्यांनी जमायचं, जेवायचं, रात्री नाटक बघायचं आणि मधल्या वेळात पोरापोरींची लग्नं जुळवायची. त्यामुळे मंडईला आलेल्या कुठल्याही दोन माणसांपुढे दोन बोटं धरा, तिसरा त्यांचं नातं काढून दाखवतो. मी तर एकदा एका बैलाचं नातं आमच्या सरपंचाशी जुळवलेलं पाहिलं आहे, आणि सरपंचाने ते मान्य केलं.

सिहोऱ्याच्या मंडईला आम्ही बहिणीकडे गेलो. बायको रिवाजाप्रमाणे सरळ चुलीकडे गेली. अंगणात बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे भाटवे, त्यांच्या शेजाऱ्याने बँकॉक पाहिल्याचं सांगत होते. मी काही बोललो नाही. एवढंच म्हणालो, की बँकॉक ठीक आहे, पण आमच्या शांघायच्या नदीवर रात्री इतका उजेड असतो की मासे डोळ्यांवर पदर घेऊन झोपतात.

"तुमच्या शांघायच्या?" भाटवे म्हणाले. "जाऊन राहिले काय?"

"हाव."

"उतरता कोणाकडं?"

"हाटेलात."

भाटव्यांनी हातातला वडा ताटात परत ठेवला. "आमी मेलो काय गा, भाऊ?"

मग शोध सुरू झाला. तुमसरला एक फोन, लाखनीला दोन. "तिथं आपलं कोणी नाई, जाऊ द्या" असं मी म्हणत होतो, पण ते त्यांना आव्हानासारखं ऐकू जात होतं. वड्यांचा पुढचा घाणा यायच्या आत भाटव्यांच्या चुलत व्याह्याची भाची सापडली. नवरा कंप्युटरवाला, मुक्काम शांघाय. भाटव्यांनी फोन लावून मोठ्या आवाजावर टाकला.

"मावशी!" भाची तिकडून अक्षरशः रडत होती. "हाटेलात उतरले तं मी जन्मभर बोलणार नाई! येतानी लाखोळीची डाळ आणजा, आपले तांदूळ आणजा, आयत्याचा तवा आणजा. इथं आपल्या जिल्ह्याचे आणखी चार घरं होत, सगळ्यांले बोलावीन!"

बायको झारा हातात घेऊन दारात आली होती. सगळं अंगण तिच्याकडे कौतुकाने पाहत होतं. "घ्या वहिनी," भाटवे म्हणाले, "आता काई चिंता नाई."

"हाव ना," ती म्हणाली, आणि आत गेली.

मी तिला रागावलेली पाहिली आहे. एकदा ती माझ्यावर अशी ओरडली, की तलावापलीकडच्या वाडीतल्या तीन नवऱ्यांनी आपापल्या बायकोची माफी मागितली. त्या दिवशी मात्र ती मुकाट वडे तळत राहिली, आणि सगळे वडे नेहमीसारखेच चांगले झाले. ते मला पाहवलं नाही.

परतीच्या बसमध्ये भंडारा गेलं, लाखनी गेली, ती खिडकीबाहेर बघत होती. साकोलीला उतरून ती सानगडीच्या बसकडे न वळता सरळ एजंटच्या दुकानात शिरली.

"शांघाय राहू द्या. एवढंच मोठं, नदीवालं, दुसरं गाव पाहा."

एजंटने कंप्युटर उघडला. "चोंगचिंग आहे, ताई. दोन नद्या, डोंगर. आणि रेल्वे इमारतीच्या पोटातून जाते. वरच्या मजल्यावर लोक राहतात, मधून गाडी."

मी आयुष्यात पुष्कळ थापा ऐकल्या, काही स्वतः घडवल्या, पण ही मला सुचली नसती. त्याने फोटो दाखवला. गाडी खरोखरच इमारतीत शिरत होती. मला जरा अपमान झाल्यासारखं वाटलं.

बायकोने फोटो पाहिलाही नाही. "तिथं आपल्या जिल्ह्याचं कोणी हाये काय?"

"मी तरी कोणाचं ऐकलं नाही."

"पक्कं?"

"पक्कं, ताई."

सिहोऱ्यानंतर ती पहिल्यांदा हसली. मग माझ्याकडे वळली. "आता तुमचं काम. जिंदगीभर लोकांले थापा मारल्या, एक माह्यासाठी मारा."

माझ्या डोक्यात चिनी पूर, चिनी वाघ, विमानतळावर पिसाळलेला हत्ती असं बरंच तयार होतं. तिने सगळं नामंजूर केलं. शेवटी मी भाटव्यांना फोन करून दोनच शब्द बोललो, "गुडघा गेला." माझ्या तोंडून निघालेली ही सगळ्यात लहान थाप. भाटव्यांनी ती लगेच खरी मानली आणि भाचीला स्वतःच कळवून टाकलं.

अर्थात मग गुडघा बघायला सोयरे आले. धान मळून होईपर्यंत येत राहिले. मी ओसरीत पाय लांब करून कण्हायचो, आणि आत ती आयते घालायची, गुणगुणत. "वहिनीचा जीव मोठा," लोक जाताना म्हणायचे, "नवरा लंगडा झाला तरी चेहऱ्यावर दाखवत नाई."

निघायच्या दिवशी भाटवे मुद्दाम बसस्टँडवर आले. त्यांच्या समजुतीने आम्ही नागपूरला डॉक्टरकडे चाललो होतो. त्यांनी पिशवी उचलून बसमध्ये ठेवली आणि चकित झाले. "इतकी हलकी? डाळ नाई, तांदूळ नाई?"

"दवाखान्यात कायले लागते?" बायको म्हणाली.

मी लंगडत बसमध्ये चढलो, लंगडत नागपूरला उतरलो, लंगडत विमानात बसलो. आमच्या जिल्ह्याचा माणूस कुठे भेटेल याचा नेम नसतो. कोलकात्याच्या विमानतळावर, चीनच्या विमानाच्या रांगेत, ती हळूच म्हणाली, "आता सरळ चाला."

मी आधी चारही बाजूंना नीट पाहून घेतलं. मग सरळ चाललो.