कोल्हीणबाई आणि शिंगवाले काका

मेधा कर्णिकला रविवारी कुणी नावानं हाक मारत नाही. आठवडाभर ती सिंगापुरात रॅफल्स प्लेसला एका बँकेचे हिशेब तपासते, चोआ चू कांग भागातल्या फ्लॅटवर आमटीला फोडणी घालते. रविवारी मात्र ती कोल्हीण. आता हसू नका. इंग्रज साहेब इथे आले तेव्हा कोल्ह्यामागे कुत्री सोडायची खोडही सोबत घेऊन आले. सिंगापुरात कोल्हा कुठला मिळायला? विलायती कुत्री तर उकाड्यानंच गारद झाली. मग त्यांनी माणसालाच कोल्हा केलं. त्यानं चिमूटचिमूट पीठ टाकत रानात पुढे पळायचं, बाकीच्यांनी कुत्री होऊन तो माग काढायचा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे साहेब मेले तरी गेली नाही. लाल कोट गेले, क्लब राहिला, आणि राहता राहता त्यात आपले ठाण्या-पुण्याचे अकाउंटंट शिरले.

शेवटच्या साहेबानं मायदेशी परतताना आपलं तांब्याचं शिंग विश्वासकाका देव यांच्या हाती दिलं होतं. सत्तरी उलटली तरी काका सगळ्यांच्या मागून चालत. कुणी मागे राहिलं नाही ना, हे बघायचं आणि बाहेर येऊन शिंग फुंकायचं, हे त्यांचं काम. ते वाजलं की शिकार संपली.

गेल्या वर्षी एकजण रानात चुकला आणि पोलिसांना बोलवावं लागलं. रानात पळायची परवानगी देणाऱ्या सरकारी बाईंनी तेव्हाच बजावलं होतं की पुन्हा असं झालं तर क्लब बंद. त्यामुळे या रविवारी अंधारून आलं, गडगडायला लागलं आणि शिंग काही वाजेना, तेव्हा मेधा रानाच्या तोंडाशी येऊन बाहेर पडणाऱ्यांना मोजू लागली.

सगळ्यांत शेवटी तिची मुलगी अश्लेषा बाहेर आली. तिच्या हातात शिंग होतं.

"काका कुठायत?"

"कमिंग लाह, मम्मी. मला म्हणाले, येतो."

वाट पाहिली. काकांचा फोन बंद. क्लबचा प्रमुख प्रबोध हातातला मोबाइल नुसता चोळत होता. पोलिसांना फोन करावा तर क्लब संपला; न करावा आणि काका आत कुठे पडलेले असले तर?

"क्लब गेला खड्ड्यात," मेधा म्हणाली. "लाव फोन." वीस वर्षं जपलेली गोष्ट तिनं अशी सोडली. मग तिनं अश्लेषाला पुन्हा विचारलं, "नक्की काय म्हणाले?"

"माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, हे सांभाळ. येतो हं, बाळा."

"कुठे?"

"रस्ता लागतो ना, तिथे."

मेधाला उमगलं. पोरगी इथे वाढलेली. तिला येतो म्हणजे येतो. आपल्याकडे निघणारा माणूस जातो म्हणतो का कधी?

"प्रबोध, जरा थांब. तिथे बसस्टॉप आहे. बघून येते, नसले तर लगेच लाव." आणि कोल्हीण पळत सुटली. तर्क चुकला तर आपण मदतीला उशीर करतोय, हे तिला पळतानाही डाचत होतं.

काका बाकावर बसले होते. बूट काढलेले, गुडघा टम्म सुजलेला, पिशवी मांडीवर. मेधाला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग.

"जीव गेला ना आमचा, काका."

"अगं, सांगून निघालो की पोरीला."

"शिंग का दिलंत?"

काकांनी मान खाली घातली. "गुडघे संपले गं. दर रविवारी माझ्यासाठी ताटकळता, अंधार होतो. माझ्यापायी क्लब बुडायचा एखाद दिवशी. म्हटलं, शाल नको, नारळ नको, गुपचूप निघावं."

बस आली. काका कण्हत उठले. "येतो गं."

अशा वेळी या म्हणायची रीत. मेधानं त्यांची पिशवी धरून ठेवली. "जातो म्हणा. मग सोडते."

"भलतंच काय? संध्याकाळच्या वेळी असलं अभद्र वदवून घेतेस?"

"म्हणा ना."

काकांनी तोंड उघडलं, मिटलं. शब्द काही निघेना. ड्रायव्हर कंटाळून दार लावून निघून गेला.

"येतो म्हणालात ना?" मेधानं खांदा पुढे केला. "मग या."

तिला धरून लंगडत काका परत आले. प्रबोधनं फोन खिशात टाकला. अश्लेषानं शिंग पुढे केलं आणि काकांनी ते फुंकलं. आवाज फाटकाच निघाला, पण शिकार संपली.

पुढच्या रविवारी कोल्हिणीनं पिठाची वाट अशी टाकली की ती त्या बसस्टॉपवरच येऊन संपली. सगळ्यांच्या मागून आता अश्लेषा चालत होती. काका आधीच बसनं येऊन, शिंग मांडीवर घेऊन, बाकावर एकेकाला मोजत बसले होते.