सांडू दलालाचं धोतर

सांडू दलाल बोलायला लागला, की पिशोरच्या बाजारातून गिऱ्हाईक बैल घेतल्याशिवाय हलत नसे. पण संभाजीनगरच्या दवाखान्यात मात्र हा बोलका पोपट मिठाची गुळणी धरून बसला.

लघवीच्या पिशवीत कॅन्सर निघाला होता. ती पिशवी काढायची, पोटावर उजवीकडं लहानसं तोंड करायचं आणि तिथून लघवी बाहेर चिकटवलेल्या पिशवीत जमणार, हे डॉक्टर सायली मॅडमनी चित्र काढून समजावलं.

"काही विचारायचंय का, बाबा?"

"नाय मॅडम."

शिकल्यासवरल्या माणसाला सवाल करणं म्हणजे त्याच्यावर शक घेणं, असं सांडूचं मत. त्यात तो दवाखान्यात यायचा पोराची पँट घालून. जन्मभर धोतर नेसलेला माणूस, पण शहरातल्या डॉक्टरपुढं धोतर बरं दिसत नाही, असं बायकोनं, सरूबाईनं ठरवून टाकलेलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मॅडमनी त्याला बसवून, उभं करून, वाकवून पोटावर त्या तोंडाच्या जागी पेनानं खूण केली. पँटीचा पट्टा आड येणार नाही, अशी बेतानं. सांडूनं खुणेवर बोट टेकवून पाहिलं. धोतराची गाठ नेमकी तिथंच यायची. धोतर सुटलं तर बाजारही सुटला. पँटीतल्या सांडूला बैलसुद्धा ओळख देणार नाहीत.

मॅडम दाराशी पोचल्या, तेव्हा कुठं त्याचं तोंड उघडलं.

"मॅडम, म्या पँटीचा माणूस नाय. धोतर नेसतो. ही खूण गाठीत दबती."

मॅडम परतल्या, स्टूल ओढून बसल्या. "बरं झालं सांगितलंत. उद्या फार उशीर झाला असता. धोतर आहे का जवळ?"

सरूबाईनं परतीसाठी आणलेलं धोतर कापडी पिशवीतून काढून दिलं. सांडू पडद्याआड नेसून आला. मॅडमनी जुनी खूण पुसली, त्याला पुन्हा बसवलं, वाकवलं आणि गाठीच्या बऱ्याच खाली नवी खूण केली.

एकदा सुरू झालेला सांडू थोडाच थांबतो. घशात अडकलेलं दुसरंही बाहेर आलं.

"वास येईल का, मॅडम? हिला माझ्याजवळ बसवंल का?"

"पिशवी नीट बसली तर वास येत नाही. ती कशी लावायची, ते दोघांनाही शिकवू."

सरूबाई पँटीची घडी घालत होती. तिनं मानही वर केली नाही.

"सारा जन्म तुमच्या अंगाला बैलांचा वास," ती म्हणाली. "म्या कधी बाज लांब टाकली का?"

सांडूचे डोळे भरून आले. दलालानं धोतराच्या सोग्यानं ते पुसले.