नळीच्या तोंडावरचं फडकं

“इंजिनाचं तोंड उघडं ठेवलंस, तर समुंदर आत शिरतो,” अब्दुस्समद एकदा लेकीला म्हणाला होता. जुनेरा तेव्हा लहान होती. तिला ते पटलं होतं.

रेवदंड्याच्या खाडीत होड्यांची इंजिनं तोच दुरुस्त करायचा. काम झालं की इंजिनाच्या माथ्यावरून निघालेल्या आखूड नळीवर दुपदरी फडकं गुंडाळून तारेने आवळायचा. खारे शिंतोडे आत जाऊ नयेत म्हणून. खाडीतली सगळी इंजिनं डोकं दुखणाऱ्या माणसांसारखी फडकी बांधून बसलेली असायची.

आता जुनेराची स्वतःची गाडी होती. जुनीच, पण बापलेकीने मिळून तिला इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो बसवला होता. रविवारी बोर्ली पंचतनच्या माळावर शर्यत होती, जुनेराची पहिलीच. तेल गळणाऱ्या गाडीला तिथे उतरू देत नाहीत, आणि ही गाडी तर तेल अडवणाऱ्या रबरी सीलपाशी गळतच होती.

“सील काल बदलला ना, अब्बा?”

“बदलला.”

“मग आज परत?”

“हल्ली सीलच रद्दड येतात, बाय.”

दारात कोलंबी सोलत बसलेली जुनेराची आई खतिजा म्हणाली, “होडीवाल्यांनाही दर साली हेच सांगता. सगळ्या दुनियेत रद्दड सील तुमच्याच नशिबी.”

तो हसला. जुनेरा हसली नाही. ती बॉनेटखाली वाकून बघत होती. तेल मोजायची पट्टी आपल्या जागेवरून बोटभर वर आली होती. तिला कोणी हात लावला नव्हता. मग ती वर कशी आली? आतून कोण ढकलतंय?

तिची नजर नळीवर गेली. तिच्यावरही फडकं होतं, तारेने नीट आवळलेलं. इतकी वर्षं बघत आल्यामुळे ते तिला दिसलंच नव्हतं.

तिने तार सोडली, गाडी सुरू केली आणि नळीच्या तोंडावर तळवा धरला. गरम, तेलकट वारा हाताला लागला. अ‍ॅक्सिलरेटर दाबायला बापाला सांगितलं, तसा तो वारा जोरात धापा टाकू लागला.

“पिस्टनच्या कडेने एवढा वारा निसटतो?”

“थोडा निसटतोच,” तो म्हणाला. “टर्बोने जास्त.”

“आणि वाट बंद असली, तर तो सीलमधून बाहेर पडणार.”

तो गाडीतून उतरला. आत जाऊन जाड नळी घेऊन आला. दोघांनी तिचं एक टोक इंजिनाच्या नळीवर चढवलं आणि दुसरं एका झाकणाच्या डब्यात सोडलं. तेल डब्यात साठेल, वारा झाकणावरच्या जाळीतून जाईल. नवा सील बसवला. खाली वर्तमानपत्र अंथरून, माणूस चौलपर्यंत जाऊन येईल एवढा वेळ गाडी चालू ठेवली. कागद कोरडा राहिला.

“रविवारी उतरायला हरकत नाही,” तो म्हणाला.

जुनेराच्या हातात अजून ते फडकं होतं. तेलाने कडक झालेलं. हवा जाईल अशी एक फट त्यात उरली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणून तिने विचारलं, “अब्बा, होड्यांच्या इंजिनांतला वारा मग कुठनं जातो?”

खतिजाचे हात कोलंबीवर थांबले.

अब्दुस्समदने फडकं लेकीच्या हातून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि खाली ठेवलं. पक्कड उचलली, चपला पायात सरकवल्या आणि होड्या लागलेल्या धक्क्याच्या दिशेने चालू लागला.