इंजिनाच्या नाकातलं कुलूप

डिझेल इंजिनाच्या केबिनचा वास कपड्यांतून जात नाही. तेल, तापलेलं रबर, गुटखा, आणि मागच्या दाराच्या कोपऱ्यातून येणारा मुताचा वास. गाडी चालू असताना तिथं उभं राहून मोकळं व्हायचं, ही चालकांची जुनी रीत. पुरुषांना ते जमायचं. मी त्याच इंजिनावर सहायक चालक होते, आणि ड्यूटीच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणं बंद करायची.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. आईवडील आमच्या गावी, अनसिंगला, दुसऱ्यांच्या शेतात राबले, मी वाशिमच्या वसतिगृहात राहून शिकले. ज्यांच्यामुळे हे झालं त्यांची आठवण मी रोज करते. म्हणूनच सुरुवातीला तोंड उघडलं नाही. एवढी नोकरी मिळालेल्या मुलीनं मुताविषयी काय बोलायचं, असं वाटायचं. मग ओटीपोटात आग पडायला लागली, ताप आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाणी प्या. भरपूर." मी हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या घशानं पॅसेंजरवर चढले.

माझ्यासोबतचे मुख्य चालक वाशिमचेच, निवृत्तीला आलेले. मी त्यांना चाचा म्हणायची. एकदा एका स्टेशनात त्यांनी मला उतरवलं. "पळत जाय बेटा. तू आल्याबिगर गाडी हालत नाई." मी पळत गेले, फलाटावरच्या संडासाचं दार ढकललं आणि तशीच परत आले.

"काहून, झालं नाई?"

"चाचा, तिथं माणसं जात असतील असं वाटत नाही."

"माणसंच जातात. म्हणून तं तसं आहे."

त्याच सुमारास आमचं एक जुनं इंजिन शेडमध्ये पूर्ण उघडलं. मार्गावर विजेच्या तारा ओढणं चालू होतं, पण पॅसेंजर अजून डिझेलवरच होत्या. ते इंजिन नव्यानं बांधून आणखी काही वर्षं चालवायचं ठरलं. शेडच्या साहेबांनी चालकांकडून सूचना मागवल्या. कुणी मऊ खुर्ची मागितली, कुणी चांगला पंखा, कुणी देवाच्या तसबिरीसाठी फळी. मी संडास मागितला.

"म्याडम, इंजिन आहे का लॉज?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

मी प्रशिक्षणात ऐकलेली गोष्ट साहेबांना सांगितली. या इंजिनाच्या केबिनला एका बाजूनं लांब पेटी असते, तिच्यात सगळी यंत्रं. दुसऱ्या बाजूला आखूड नाक. ज्या देशात अशी डिझेल इंजिनं पहिल्यांदा घडली, तिथं त्या नाकात चालकांसाठी छोटा संडास असायचा. आपल्याकडे आराखडा आला, संडास आला नाही. साहेबांनी नकाशा उघडला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "जागा करता येईल."

आणि जागा झाली. फिटर लोकांनी मला आत उभं करून, बसवून मापं घेतली. स्टीलचं भांडं, वर पाण्याची टाकी, दाराला आतून कडी. काम संपलं त्या दिवशी मी आत जाऊन कडी लावून पाहिली. काही न करता नुसती उभी राहिले. मला रडू येईल असं वाटलं नव्हतं.

इंजिन बाहेर काढायला वरचे अधिकारी आले. झेंडूचे हार, पेढे, नारळ. आम्ही बौद्ध, आमच्या घरी नारळ फोडत नाहीत, पण मी खोबरं हातात घेतलं. त्या दिवशी मी कशालाच नको म्हटलं नसतं. मग फोटोवाल्यानं मला संडासाच्या दाराशी उभं केलं.

"म्याडम, जरा आत बसल्यासारखं कराल?"

मी नाही म्हणाले.

"मग दारावर हात ठेवून हसा."

मी हसले. तो फोटो पेपरात छापून आला. अजून डोळ्यासमोर आला की शिसारी येते.

पुढं त्या इंजिनावर माझी ड्यूटी लागली, तेव्हा नाकाच्या दाराला कुलूप होतं. शेडमधल्या बाबूला किल्ली मागितली.

"साहेबांच्या कपाटात आहे. वापरलं तर घाण होईन ना, म्याडम."

"संडास आहे तो."

"एवढा छान बनवला. राहू द्या ना जरा चांगला. वरून साहेब लोक पाहायले येतात."

तो चेष्टा करत नव्हता. खरंच कुणी ना कुणी पाहायला यायचं. तेवढ्यापुरतं कुलूप निघायचं, फडकं फिरायचं, पाहुणे माना डोलवायचे, कुलूप परत. मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "तुमच्यासाठीच तर केलं. थोडी कदर ठेवा." कदर हा शब्द मी जन्मभर मानानं वापरला होता. त्या दिवशी तोंडात कुणाचं तरी चघळलेलं पान आल्यासारखं वाटलं.

सुट्टीत घरी गेले. पहिल्या पगारातून घरामागं मी संडास बांधला होता, आणि माय त्याला कुलूप लावून ठेवायची. पाहुण्यांसाठी. एरवी आत बटाईच्या सोयाबीनची पोती. स्वतः पहाटे डबा घेऊन नाल्याकडे जायची. यावरून आमची भांडणं झालेली. त्या दिवशी मी भांडले नाही, इंजिनाचं सगळं सांगून टाकलं.

"मंग तू कुठी जाते?" मायनं विचारलं.

"जात नाही. पाणीच पीत नाही."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "मले वाटे, माही पोरगी पंख्याखाली खुर्चीवर बसून राह्यली." मग म्हणाली, "आमी अडाणी, आमी कुलूप लावलं. तिथं तं सारे शिकेल हायेत ना वो?"

सकाळी उठले तर पोती अंगणात होती आणि संडासाचं दार सताड उघडं.

"म्या माहं उघडलं," माय म्हणाली. "तू तुयं उघड."

परत त्याच इंजिनावर ड्यूटीला गेले. वाशिमला समोरून येणाऱ्या गाडीच्या क्रॉसिंगसाठी आमची गाडी थांबली होती. मी हत्यारांच्या पेटीतून मोठा पाना काढला. चाचांनी पाहिलं आणि तो माझ्या हातातून घेतला.

"नाव माझं सांगा," मी म्हणाले.

"नाव कायले कोणाचं? इंजिन जुनं आहे, लय हालते. कुलूप पडलं."

दुसऱ्या घावाला पडलं.

दार उघडताच आतून भपकारा आला. मी भांड्यावरचं झाकण उचललं. उद्घाटनाचे हार बोळा करून भांड्यात कोंबलेले, काळे पडून लिबलिबीत झालेले. बुरशी धरलेला अर्धा नारळ. खाली दाबलेल्या पेढ्यांच्या खोक्यात किडे. वास सुटायच्या आधी पाहुण्यांना झाकण लावून दारातूनच भिंती आणि टाकी दाखवली असावी. एकदाही न वापरता त्यांनी ते घाण केलं होतं.

टाकीत पाणी घातलेलंच नव्हतं. मी हातानं ते सगळं पोत्यात भरलं, फलाटाच्या नळावरून बादल्या आणून भांडं घासलं. चाचा तोंडाला रुमाल बांधून शिव्या देत पाणी ओतत होते. मग ते खाली उतरले आणि केबिनकडे पाठ करून उभे राहिले.

मी आत जाऊन कडी लावली.

बाहेर आले तेव्हा सिग्नल मिळाला नव्हता. हात पुन्हा पुन्हा धुतले, वास गेला नाही. तशाच हातांनी बाटली उघडली आणि सगळी प्यायले.