आमच्या इवायांचे अप्पे

अकोल्याच्या उन्हाळ्यावर जिवापाड प्रेम करणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच आहे, आणि तो नेमका माझा व्याही आहे. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. एप्रिल लागला की अकोल्यातली माणसं खिडकीला कूलर लावून घरात दडी मारतात; आमचे इवाई डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून भर दुपारी गच्चीवर चढतात. मी अमरावतीहून फोन करून "फार तापलं का हो?" असं काळजीने विचारावं, तर पलीकडून खुशीत उत्तर येतं, "मस्त तापून राहिलं जी! या ना इकडे." हे आमंत्रण आजवर कोणीही स्वीकारलेलं नाही.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवला आणि त्यांनी तंत्रनिकेतनात वीज. जगात जे जे बिघडतं ते आधी गरम होतं, अशी त्यांची श्रद्धा आहे. आमची मुलगी पाहायला ते पहिल्यांदा घरी आले, तेव्हा पोहे पुढे आले, मुलगी पुढे आली, आणि हे मात्र आमच्याकडे पाठ करून फ्रिजच्या पिनेवर पालथा हात टेकवून उभे. "हे पिन बदला, भाऊ. एखाद्या दिवशी पेट घेईन." नकार कळवायची ही अकोल्याकडची रीत असावी, असं मला वाटलं. जाताना दारात चपला घालता घालता म्हणाले, "पोरगी पसंत आहे आमाले. पिन मात्र बदलाच." मोर्शीच्या एका लग्नात तर त्यांनी जनरेटरची वायर चाचपून पाहिली आणि तो बंदच करायला लावला. बँड थांबला, रोषणाई विझली, नवरदेव घोड्यावर अंधारात ताटकळला. वायरचं आवरण खरोखरच मऊ पडलं होतं. पण त्या वरपक्षाने अजून त्यांच्याशी बोलणं सुरू केलेलं नाही.

हे सगळं हसण्यावारी नेण्याची आम्हाला सवय झाली होती. मग गजाननचा अपघात झाला. गजानन हा त्यांचा जुना विद्यार्थी, गावोगावच्या लाइनवर काम करणारा लाइनमन. अकरा हजार व्होल्टच्या तारेचा एक सांधा आतून सैल होता. तो तापत गेला, तापून आणखी सैल होत गेला आणि शेवटी तुटला. तार खाली उभ्या असलेल्या गजाननच्या खांद्यावरून गेली. जीव वाचला, उजवा हात गेला. त्याला अमरावतीच्या दवाखान्यात ठेवलं होतं, म्हणून इवाई आमच्याकडे मुक्कामाला आले. रोज त्याच्या खाटेजवळ बसायचे. एकदा मीही सोबत होतो. गजानन म्हणाला, "सर, सांधा आधी गरम होते, हे तुमीच शिकवलं होतं. पण तो गरम झाला हे आमाले कसं समजाव?" त्या दिवसापासून इवायांच्या वेडाला एक दिशा मिळाली.

मला त्यांनी ते पुष्कळदा समजावून सांगितलं आहे. तापमान मोजणं ही मोठी गोष्टच नाही. मोजणारा तुकडा नखाएवढा असतो आणि बाजारात सहज मिळतो. गोम पुढे आहे. "मोजलेलं खाली आनाव कसं, इवाई? वायर जोडली का त्याच वायरीनं वीज खाली येते." म्हणून त्यांचं यंत्र तारेवरच बसणार, जमिनीशी नातं ठेवणार नाही, आणि आकडा रेडिओसारखा हवेतून धाडणार. तारेभोवती लोखंडाचं एक कडं. तारेतून वाहणाऱ्या विजेच्या जोरावरच ते चालणार, म्हणजे सेल बदलायला कोणी वर चढायला नको. असली यंत्रं परदेशात मिळतात, पण ती मोठ्या शहरांच्या मोठ्या लाइनींसाठी. खेड्यातल्या तारेवर इतकी महाग वस्तू कोण टांगणार? यांना खेड्यातल्या तारेसाठीच हवी होती.

ऊन, पाऊस, धूळ यांपासून राखायला यंत्रावर रबराचं कवच लागत होतं. त्याला टोक असून चालणार नव्हतं. "विजेले टोक दिसलं का ते तिथूनच पळते," असं ते मला मोदकाचा साचा नाकारताना म्हणाले. शेवटी इहीनबाईंचं, म्हणजे आमच्या विहीणबाईंचं, अप्पेपात्र पसंत पडलं. दोन वाट्यांत रबर ओतायचं, मधे यंत्र ठेवायचं, दोन्ही अर्धे चिकटवायचे, की गुळगुळीत गोळा तयार. घरात त्यांना सगळे अप्पेच म्हणू लागले. इहीनबाईंनी फार दिवस सोसलं. मग मला फोन केला, "भाऊ, तुमीच सांगा यायले. माह्या अप्पेपात्राले रबराचा वास येऊन राहिला. पाहुन्यायले काय खाऊ घालू?"

अकोल्याजवळच्या एका जिनिंगच्या मालकाने ओळखीखातर अप्पे लावू दिले. रीतसर वीज बंद करून, कारखान्याकडे येणाऱ्या तिन्ही तारांवर एकेक. जिनिंग म्हणजे कापसाचे डोंगर. तिथे एक ठिणगी पुरते. संक्रांतीनंतर आमच्या नातीचं बोरन्हाण होतं, आम्ही अकोल्याला गेलो होतो. बाळ पाटावर बसलं, इवाई बोरं-मुरमुऱ्यांची परात घेऊन पुढे झाले, आणि त्यांच्या खिशातला फोन वाजला. मधली तार भयंकर तापल्याचा आकडा आला होता. परात माझ्या हातात देऊन ते निघाले. मी ती बायकोच्या हातात दिली आणि त्यांच्या मागे स्कूटरवर बसलो.

त्यांनी जिनिंग बंद करायला लावली. कापसाच्या गाड्या फाटकापर्यंत तुंबल्या. लाइनमन आले, वीज बंद करून वर चढले. सांधा थंडगार होता. बिघडला होता तो अप्पा. दोन अर्ध्यांच्या जोडाला केसासारखी भेग पडून पौषातलं दव आत शिरलं होतं. मालक शांतपणे म्हणाला, "सर, तुमचा मान ठेवून लावू देल्लं होतं. आता काढून न्या." इवाई म्हणाले, "चूक माही आहे." त्यांच्या पांढऱ्या केसांत मुरमुरे अडकलेले होते. ते झटकावेत असं मला वाटत होतं, पण माझा हात काही उठला नाही. आम्ही परत आलो तेव्हा बाळ झोपून गेलं होतं.

पुढे बरेच महिने ते कोणाच्या चहाच्या कपालाही हात लावून पाहत नव्हते. घर कसं शहाण्यासारखं चाललं होतं आणि कोणालाच बरं वाटत नव्हतं. मग एकदा मुलीने कळवलं, "बाबा, अप्पेपात्र पुन्हा नाहीसं झालं." या वेळी त्यांनी जोडच ठेवला नाही; पात्रावर दुसरं पात्र पालथं घालून सबंध गोळा एकाच ओतीत घडवला आणि पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवला. गजानन आता उपकेंद्रात टेबलावर काम करत होता. त्याने साहेबांच्या मागे लागून हिवरखेडकडच्या लाइनवर तीन अप्पे लावायची परवानगी मिळवली.

त्यानंतरच्या वैशाखात मी अकोल्याला असताना फोन पुन्हा वाजला. आकडा चढत होता. इवाई फोन हातात धरून बसून राहिले. मला म्हणाले, "इवाई, पुन्हा दव शिरलं असंन तर?" वैशाखात कसलं दव, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. इहीनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "मांगच्या खेपी खोटं निघालं म्हनून आता खरं लपवता काय? लावा फोन."

त्यांनी उपकेंद्रात फोन लावला. लाइन बंद झाली. संध्याकाळी गजानन घरी आला. डाव्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला सांधा होता, काळा पडलेला, कडेने विरघळलेला. "सर, आजचा दिवस काढला नसता यानं." इवायांनी तो उलटासुलटा करून पाहिला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "जेवूनच जा आता." पानावर बसल्यावर ते गजाननच्या डाव्या हाताकडे पाहत राहिले, स्वतः फारसं जेवले नाहीत.

साहेबांनी कौतुक केलं, प्रस्ताव वर पाठवला. तो अजून वरच आहे. अप्पे ते तीनच.

मागे एका साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आम्ही दोघे हिवरखेडला निघालो होतो. वाटेत त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि खाली उतरून मान वर केली. मोतीबिंदू पिकला आहे, शस्त्रक्रिया ते टाळत आहेत. बराच वेळ पाहून म्हणाले, "इवाई, आहेत का जी?"

"आहेत. तिन्ही आहेत. मधल्याशेजारी होला बसला आहे एक."

"बसू द्या," ते म्हणाले, आणि दिसत नसलेल्या त्या पाखराकडे पाहत तसेच उभे राहिले. साक्षगंधाला उशीर होत होता. मी घाई केली नाही.