तीन मिनिटांच्या आतली गाणी

गाण्याच्या नादाची चार माणसं एकत्र आली की गाणं तासभर होतं आणि गप्पा तीन तास. आमचं तर त्याहून अवघड! आम्ही गायलो कमी आणि कॉम्प्युटर जास्त उघडला. कॅबिनेटचा पत्रा काढून पुन्हा लावला की दर वेळी दोन स्क्रू उरायचे आणि एक किस्सा जमा व्हायचा. स्क्रू कुठे गेले कुणास ठाऊक. किस्से राहिले. पूर्वी सांगताना हसू यायचं, आता सांगता सांगता मध्येच थांबायला होतं.

आमचा 'स्टुडिओ' म्हणजे जळगाव जामोदला भास्करभाऊंच्या घरातली रस्त्याकडची खोली. भास्करभाऊंची संत्र्याची बाग. ढोलकी अशी वाजवायचे की वरातीतला नवरदेवही घोड्यावर हलायचा. भिंतींना त्यांनी बारदाना ठोकलेला, आवाज घुमू नये म्हणून. दुसरा देवानंद. लाईनमन, स्वतः गाणी लिहायचा, भीमजयंतीला त्याच्या गाण्यांवाचून मिरवणूक हलायची नाही. तिसऱ्या शोभा सिस्टर, सरकारी दवाखान्यात नर्स. आवाज असा की पेशंट इंजेक्शन विसरायचे. आणि चौथा मी. शाळेत गणित शिकवायचो, घरी कीबोर्ड बडवायचो. अकोल्याच्या स्टँडवर मिळणारं कॉम्प्युटरचं मासिक दोन महिने शिळं का होईना मी वाचतो, एवढ्यावर बाकीच्यांनी मला तज्ज्ञ ठरवलं. मशीनमध्ये काय टाकायचं, काय काढायचं, हे मी ठरवायचं. तिथंच चुकलं!

◆

पहिली मशीन आम्ही अकोल्याहून आणली. सुटे भाग जोडून देणारा एक दुकानदार होता. त्यानं एकच प्रश्न विचारला, "मशीनवर काय करायचंय?"

मी मासिकातले शब्द आठवत होतो, तेवढ्यात देवानंद बोलून गेला, "गाणं वाजवायचं!"

दुकानदार खूश! त्यानं जमिनीवर ठेवायचा भला मोठा बास स्पीकर दिला, सोबत चार लहान स्पीकर दिले. घरी आणून लावलं तर गल्लीतली भांडी वाजली. मग आम्ही माईक जोडला. देवानंद गायला, रेकॉर्ड झालं, आणि ऐकलं तर डबड्यात माशी कोंडल्यासारखा आवाज!

दुसऱ्या दिवशी देवानंद फोनवर दुकानदाराशी भांडला. तिकडून शांतपणे उत्तर आलं, "भाऊ, तुम्ही वाजवायचं म्हणाले. गायचं कुठं म्हणाले?"

◆

मशीन हळू होती. दोन आवाज एकावर एक चढवले की तिसऱ्याला अडायची. मी निदान केलं: रॅम कमी पडते! भीमजयंती तोंडावर आलेली. देवानंदची आठ नवी गाणी त्यासाठी तयार होती, सीडी काढायची ठरली होती. भास्करभाऊ संत्र्याच्या कामानं अकोल्याला निघालेच होते. कोणती रॅम आणायची ते मी चिठ्ठीवर लिहून दिलं.

रॅम आली. पण बसेना! खाचेत खाच जुळत नव्हती.

"म्या आख्खी बैलगाडी जोडली हातानं," भास्करभाऊ म्हणाले, "हे बोटभर पट्टी काऊन नाही बसत?" आणि कानस घेऊन बसले. पट्टीची खाच घासून वाढवली. मग अंगठ्यानं दाबली. बसली! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. देवानंदनं बटण दाबलं.

आधी वास आला. मग धूर.

मदरबोर्ड गेला. नवा येईपर्यंत जयंती होऊन गेली. देवानंद त्या वर्षी मिरवणुकीत स्वतः उभा राहून आठही गाणी गायला. दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज फुटत नव्हता. तरी येऊन म्हणाला, "जाऊ द्या मास्तर. जयंती काय, दरसाली येते."

अजूनही कुणी हा किस्सा सांगायला लागलं की सगळे भास्करभाऊंच्या कानशीवर हसतात. भास्करभाऊही हसतात. पण चिठ्ठीवर चुकीची रॅम मी लिहिली होती. अकोल्याच्या दुकानातून भाऊंनी तीच आणली, अक्षर न् अक्षर बरोबर! ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

◆

नव्या बोर्डाचा पंखा म्हणजे पिठाची गिरणी. गाणं कोणाचंही असो, मागे घर्रर्र चालूच. मी शांत पंखा आणायचं ठरवलं, पण मासिकात वाचलं की पुढच्या महिन्यात त्याहून शांत येतोय. थांबलो. पुढच्या महिन्यात आणखी शांत येणार होता!

शेवटी देवानंदनं पत्रा काढला आणि पंख्याची वायरच उपटली. "घ्या रेकॉर्ड!"

काय शांतता! बाहेर कडुनिंबावरचा होला ऐकू आला. पण ऊन जळगावचं, मे महिना. तीन मिनिटं झाली आणि मशीन तापून आपोआप बंद!

मग आम्ही हिशोब बसवला. मशीन थंड असताना वायर काढायची, अडीच-पावणेतीन मिनिटांत गाणं संपवायचं, वायर लावायची, चहा घ्यायचा. देवानंदनं आपली कडवी कापली. एका गाण्यात त्याच्या आईवर एक कडवं होतं, तेही गेलं.

पुढे बुलढाण्याला एका कार्यक्रमात एक जाणकार गृहस्थ भेटले. देवानंदचा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमच्या गाण्यात फाफटपसारा नसतो हो! नेमकं लिहिता. ही शैली कुठून आणली?"

देवानंद माझ्याकडे बघत म्हणाला, "मास्तरले विचारा. त्यायनं पंखा नाही आणला."

◆

मग चांगलं साऊंड कार्ड आलं. ते निवडायला मला सहा महिने लागले, पण निवडलं खरं! पहिल्यांदा भास्करभाऊंची ढोलकी घेतली आणि सगळे ऐकायला बसलो.

सगळं ऐकू आलं. भाऊंचा श्वास. त्यांच्या अंगठीचा ढोलकीच्या कडीला लागलेला आवाज. माझ्या कीबोर्डच्या पट्ट्यांची टकटक. आणि हेही ऐकू आलं, की शेवटी शेवटी भाऊ पळतात. दर गाण्यात लय थोडी पुढे जाते. जुन्या कार्डाच्या खरखरीत ते कधी कळलंच नव्हतं.

भाऊंनी तीन वेळा लावायला सांगितलं. तीनदा ऐकून म्हणाले, "मी असाच वाजवत होतो? इतकी वर्षं?"

"त्याच्यानंच तर लोक नाचत भाऊ," देवानंद म्हणाला.

"मशीन खोटं बोलत नाही बे."

ढोलकी खुंटीला गेली. पुढची गाणी आम्ही कॉम्प्युटरमधल्या तयार ठेक्यावर केली. ठेका एकदम सरळ. एका लग्नात आमची सीडी लागली होती. वरातीतली पोरं थोडा वेळ नाचली आणि रसवंतीवर जाऊन बसली!

◆

शोभा सिस्टरांकडे त्यांच्या आईची गाणी होती. पाळण्याची, पेरणीची, कुठे लिहिलेली नाहीत अशी. त्या म्हणायच्या, "सर, माझ्या डोक्यात आहेत तोवर घेऊन ठेवा."

त्या वेळी लोडशेडिंग होतं. वीज गेली की चालू असलेलं रेकॉर्डिंग जायचं. एकतर यूपीएस घ्यायचा होता, नाहीतर नवा चपटा मॉनिटर. मी मॉनिटर घेतला. "लाईट कधी जाणार हे देवानंदला आधीच माहीत असतं," असा माझा मुद्दा होता. घरात लाईनमन असताना यूपीएस कशाला!

एका रविवारी सकाळी सिस्टर गायला बसल्या. दोन गाणी बरी झाली. तिसरं सुरू केलं, आणि काय झालं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. त्यांनी डोळे मिटले होते. भास्करभाऊ ढोलकीला शिवतही नव्हते तरी त्यांची बोटं मांडीवर हलत होती. शेवटच्या ओळीला आल्या आणि स्क्रीन काळी!

अर्ध्या तासानं देवानंद आला, अंगावर ड्युटीचे कपडे. दारातच थांबला. "मीच बंद केली लाईन," म्हणाला. "वस्तीवर तार तुटून पडली होती. बाजूले बाई उभी होती, कडेवर लेकरू. इकडं गाणं चालू आहे हे मले माहीत होतं."

सिस्टर उठल्या, त्याला पाण्याचा तांब्या दिला. "बरं केलं," म्हणाल्या. "गाणं पुन्हा होईल."

त्या लगेच गायला तयार होत्या. मीच म्हणालो, "नको, यूपीएस आणू आणि मगच घेऊ. नीट घेऊ."

यूपीएस आणला. मग वाटलं, माईक जुना आहे. माईक आणला. मग वाटलं, प्रोसेसर मागे पडला. त्यात सिस्टरांची बदली झाली.

सात-आठ वर्षांनी शाळेची सहल घेऊन लोणारला गेलो होतो. परतताना स्टँडवर कुणीतरी हाक मारली, "सर!" सिस्टर होत्या. रिटायर झालेल्या, हातात भाजीची पिशवी. घरच्यांची चौकशी झाली. त्यांची बस लागली. पायरीवर चढून त्यांनी मागे वळून विचारलं, अगदी खरोखरच्या काळजीनं, "सर, मशीन झाली का तयार?"

मी हो म्हणालो.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मला आता त्यातलं एकच आठवतं. तेही अर्धं." आणि बस निघाली.

◆

शेवटचा सांगतो. हा आम्ही तिघं असल्याशिवाय एकमेकांतही काढत नाही.

संग्रामपूरकडच्या एका गावातल्या पाच बायांची हळदीची गाणी आम्ही रेकॉर्ड केली होती. माईक एकच, म्हणून एकेकीला वेगळं गायला लावलं आणि पाचही आवाज मशीनमध्ये एकत्र केले. काम छान झालं. पण हार्ड डिस्क भरली. मोठी डिस्क घ्यावी की सीडी रायटर, यात मी सीडी रायटर निवडला होता. मग जागा करायला पाचही बायांचे सुटे आवाज पुसून टाकले. एकत्र केलेलं गाणं होतं ना! सुट्याचं काय करायचं?

दोन वर्षांनी एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरा सदरा, टोपी, हातात आमचीच सीडी. नाव तुळशीराम. त्या पाचांतल्या सुभद्राबाई त्यांच्या घरच्या.

"ती गेली पोळ्याच्या आधी," ते म्हणाले. "फोटो हाय, पण थो बोलत नाही. ह्या पाच जणीतून तिलेवढी वेगळी काढून द्याल काय?"

मी त्यांना खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "बघतो."

तोवर मशीन जोरदार झाली होती. नवा प्रोसेसर, भरपूर रॅम, मोठी डिस्क. मी आवाज कापले, गाळले, उंच पट्टी उडवली, खालची चढवली. काका खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. दर वेळी मान हलवायचे. "नाही. ही ती नाही." देवानंदनं सुचवलं, भास्करभाऊंनी सुचवलं. दुपार गेली. शेवटी जो आवाज उरला तो माणसाचा वाटतच नव्हता.

मी माऊस सोडला. "काका, नाही होत. सुटा आवाज आमच्याकडे होता. आम्ही पुसला."

काका रागावले नाहीत. म्हणाले, "मंग आहे तसंच लावा एकडाव."

मी मूळ गाणं लावलं, पाच जणींचं. दुसऱ्या ओळीला काकांचं बोट वर आलं. "हे पाहा. हे माही. मांगून येते थे." आम्हाला पाच आवाजांत मागून येणारा असा कुठला वेगळा कळेना. मी त्यांच्यासाठी आवाज वाढवला.

"वाढवू नका," ते म्हणाले. "बारीक करा."

मी कमी केला.

"आणखीन बारीक."

"काका, ऐकू नाही येणार."

"येते मले. घरी बारीकच गाये ती."

मी बटण जवळजवळ शेवटपर्यंत फिरवलं. भास्करभाऊ पुढे वाकले, देवानंदनं स्पीकरजवळ कान नेला. आम्हा तिघांनाही काहीच ऐकू येत नव्हतं. काकांनी डोळे मिटले होते, आणि त्यांची मान हळूहळू तालात हलत होती.